वाळूजची गाडी, शोलावरमची धावपट्टी

२६ जून २०१६ रोजी नेदरलँडमधील आसेन येथे जागतिक मोटारसायकल स्पर्धेतील मोटो-थ्री गटाची शर्यत झाली. ती जिंकणारा मुलगा इटलीचा होता, एकोणीस वर्षांचा. नाव फ्रान्चेस्को बान्याया. पुढे २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे तो सर्वोच्च गटाचा, म्हणजे मोटोजीपीचा जगज्जेता झाला. आसेनला त्याची पहिली आंतरराष्ट्रीय ग्रँप्री जिंकून देणाऱ्या गाडीच्या टाकीवर नाव होते 'महिंद्रा'. मुंबईच्या कंपनीने, इटालियन अभियंत्यांकडून, युरोपात बांधून घेतलेली ती गाडी. भारतीय कंपनीच्या गाडीने मोटारसायकलची ग्रँप्री जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत बातमी आली, पण आतल्या पानावर.

महिंद्रा २०११ साली १२५ सीसी गटात उतरली. पहिले दोन स्वार डॅनी वेब आणि मार्सेल श्रॉटर, एक इंग्रज आणि एक जर्मन. त्याच वर्षी व्हॅलेन्सियाला, १२५ सीसी गटाच्या अखेरच्या शर्यतीत, वेबने पहिल्या क्रमांकावरून सुरुवात करण्याचा मान मिळवला. २०१३ मध्ये मलेशियात पोर्तुगालच्या मिगेल ऑलिव्हेराने महिंद्राला तिसरा क्रमांक मिळवून दिला. हाही पुढे मोटोजीपीच्या शर्यती जिंकणारा स्वार ठरला. २०१७ च्या अखेरीस कंपनी या खेळातून बाहेर पडली. सात हंगामांचा हिशेब केला तर एक गोष्ट उरते: मुंबईच्या पैशावर पोर्तुगालचा एक आणि इटलीचा एक असे दोन कोवळे मुलगे जगाच्या पातळीवर आले. योगायोग असा की, चेन्नईचा शरत कुमार २०११ मध्येच १२५ सीसी गटात उतरला आणि जागतिक ग्रँप्रीत धावणारा पहिला भारतीय ठरला. पण त्याची गाडी महिंद्रा नव्हती, इटालियन एप्रिलिया होती.

यात कंपनीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. शर्यत जिंकायची तर तयार स्वार लागतो, आणि तयार स्वार जिथे तयार होतात तिथूनच घ्यावा लागतो. मला प्रश्न पडला तो वेगळा. जगात सर्वाधिक दुचाक्या बनवणाऱ्या देशांत आपण अगदी वर आहोत. त्यातल्या कितीतरी आमच्या मराठवाड्यात बनतात. मग गाडी बनवणारा प्रदेश गाडी पळवणारा मुलगा का घडवू शकत नाही?

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी या भागांतून आयटीआय करून निघालेल्या पोरांसाठी वाळूज हा शब्द तेव्हापासून गावाच्या नावासारखा झाला. 'काय करतो पोरगा?' 'वाळूजला असतो.' इतके सांगितले की पुढचे विचारायची गरज नसे. पुढे त्याच ओळीत चाकण आले. फिटर, वेल्डर, टर्नर, पेंट शॉप, असेंब्ली लाइन. ह्या हातांतून लाखो गाड्या गेल्या. गाडी संपूर्ण उलगडून पुन्हा जोडणारे उस्ताद तर परभणीच्या प्रत्येक रस्त्यावर सापडतात. आरएक्स-१०० च्या सायलेन्सरचा नुसता आवाज ऐकून पिस्टनची अवस्था सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. म्हणजे हाताची कमतरता नाही, कानाची नाही. वेगाच्या हौसेची तर अजिबात नाही. लाल कंधारी खोंडांची जोडी शंकरपटात सोडताना मैदानाच्या कडेला उभे राहिले की ते कळते.

तरी शर्यतीचा इतिहास चाळला की सगळे रस्ते दक्षिणेकडे जातात. कारण शोधायचे तर एका धावपट्टीपाशी थांबावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात मद्रासच्या उत्तरेला शोलावरम येथे विमानांसाठी धावपट्टी बांधली गेली. युद्ध संपले, विमाने गेली, डांबर राहिले. १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि त्याने त्या डांबराचा ताबा शर्यतींसाठी मिळवला. मुंबईतही असेच घडू शकले असते. जुहूच्या धावपट्टीवर शर्यती झालेल्या आहेत, आणि मुंबईकडे पैसा, गाड्या, हौशी पारशी मंडळी, सगळे होते. पण मुंबईत जमिनीचा भाव हौसेच्या कितीतरी पुढे धावतो. जुहू शर्यतींच्या हातून गेले, शोलावरम टिकले. तिथे दर वर्षी हजारो माणसे उन्हात उभी राहून शर्यती बघत. गोंडलच्या महाराजांच्या परदेशी गाड्याही तिथेच धावल्या. आणि महत्त्वाचे म्हणजे त्या क्लबने तेवढ्यावर समाधान मानले नाही. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे जमीन घेऊन त्याने १९९० च्या सुमारास स्वतःचा पावणेचार किलोमीटरचा मार्ग उभा केला. सरकारी योजना नाही, मंत्र्याची घोषणा नाही; सभासदांच्या क्लबने केलेले काम. पुढे कोइमतूरजवळ चेट्टिपालयमला करी मोटर स्पीडवे झाला. देशातील डांबरी शर्यतीचे जुने मार्ग हे असे दोन, आणि दोन्ही तामिळनाडूत. २०११ मध्ये ग्रेटर नॉयडाला बुद्ध सर्किट झाले, पण ते फॉर्म्युला वनसाठी. पाच किलोमीटरहून थोड्या लांब अशा त्या मार्गावर नवशिक्या पोराने सरावाला जाणे म्हणजे पोहायला शिकण्यासाठी थेट समुद्र गाठणे.

दुसरे कारण बाजाराचे आहे. परवाना राज्यात बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे रांगेत असत. लग्नात जावयाला द्यायची स्कूटर मुलगी शाळेत असतानाच नोंदवून ठेवणारे लोक आमच्याकडे होते. ज्या मालाला गिऱ्हाईक आधीच रांगेत आहे, त्याची जाहिरात शर्यतीत धावून कोण करील? शर्यतीला स्पर्धा लागते, आणि ती आधी बाजारात लागते. ती आली १९८४ नंतर. इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स-१००, कावासाकी बजाज. दोन-तीन वर्षांत चार जपानी नावे रस्त्यावर आली आणि 'कुणाची गाडी पुढे' हा प्रश्न प्रथमच पैशाचा झाला. होसूरच्या टीव्हीएसने १९८२ पासूनच शर्यतीसाठी कारखान्याचा संघ बांधला होता. १९९४ मध्ये त्यांनी 'वन मेक' स्पर्धा सुरू केली. सर्वांना एकाच जातीची, एकसारखी गाडी कंपनीच देणार. फरक पडेल तो फक्त स्वाराचा.

या साध्या कल्पनेचे महत्त्व मला उशिरा उमगले. तोवर शोलावरमला येणारा मुलगा एकतर श्रीमंत असे किंवा मेकॅनिकचा भाऊ असे. स्वतःची गाडी, स्वतःचे सुटे भाग, स्वतःचा ट्यूनर. एकसारखी गाडी मिळू लागली तेव्हा कामगाराच्या, रिक्षावाल्याच्या मुलालाही निदान रांगेत उभे राहता आले. तामिळनाडूने त्यानंतर जे स्वार दिले, त्यांतले कित्येक अशाच घरांतून आले. मात्र त्यांची घरे मार्गापासून बसच्या अंतरावर होती, हे विसरून चालत नाही. बजाजने असा संघ वर्षानुवर्षे पोसला नाही. आकुर्डी आणि वाळूजने गाड्या विकल्या, आणि भरपूर विकल्या. जपानात होंडाने १९६२ मध्ये सुझुका येथे स्वतःचा मार्ग बांधला. आपल्याकडे महाराष्ट्रातही गुळगुळीत डांबराचे मार्ग आहेत: अहिल्यानगरला लष्करी वाहनांच्या संशोधन संस्थेचा, चाकणला कारखान्याचा. परभणीहून पुण्याला जाणारी बस अहिल्यानगरवरूनच जाते. पण त्या मार्गांवर परीक्षा गाडीची होते.

आता 'प्रतिभा घडवण्याचा कार्यक्रम' म्हणजे नक्की काय, ते स्पेनच्या एका उदाहरणावरून पाहू. १९९९ साली अल्बेर्तो पुच या माजी स्वाराने एका दूरध्वनी कंपनीच्या पैशातून किशोरांसाठी स्पर्धा सुरू केली. बार्सिलोनाजवळच्या कास्तेयार गावातला दानी पेद्रोसा तेव्हा तेरा वर्षांचा होता. अंगाने लहानखुरा. घरच्यांना शर्यतीचा खर्च झेपत नव्हता म्हणून तो मोटारसायकल सोडून सायकलच्या शर्यतींकडे वळण्याच्या बेतात होता. त्याने अर्ज भरला, निवडला गेला, आणि त्या हंगामात आठवा आला. आठवा! आपल्याकडे आठव्या आलेल्या मुलाला प्रमाणपत्र देऊन घरी पाठवतात. पुचने त्याला ठेवून घेतले, कारण त्याने निकालपत्रक नव्हे तर मुलगा पाहिला होता: वळणात गाडी कुठे आडवी करतो, चूक झाल्यावर पुढच्या फेरीत काय करतो, सांगितलेले ऐकतो का. २००१ मध्ये पेद्रोसा आणि आणखी दोन मुलांना घेऊन पुच थेट जागतिक स्पर्धेत उतरला. २००३, २००४, २००५ अशी तीन जगज्जेतेपदे त्या 'आठव्या' मुलाने जिंकली.

यात तीन गोष्टी दिसतात. पैसा मुलाच्या बापाचा नव्हता. गाडी मुलाची नव्हती. आणि निवडणाऱ्याला निवड चुकण्याची मुभा होती. तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मीळ. सरकारी निवड समितीला क्रमांक लागतो, कारण उद्या माहितीच्या अधिकारात कुणी विचारले तर दाखवायला कागद हवा. यात समितीचा तरी काय दोष?

भारतात अशा कार्यक्रमाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट केली ती होंडाने. २०१८ मध्ये किशोरवयीन मुलांसाठी 'टॅलेंट हंट' सुरू झाले. शहराशहरांतून चाचण्या घेऊन मुले निवडायची, शिकवायचे, मग आधी दीडशे सीसीच्या गाडीवर धावू द्यायचे. २०१९ पासून त्यातल्या पुढच्या मुलांना एनएसएफ-२५० आर ही गाडी मिळू लागली. ही रस्त्यावरची गाडी नव्हे. दिवे नाहीत, आरसे नाहीत, वजन शंभर किलोच्या आत. हीच गाडी २०१४ पासून भरणाऱ्या आशिया टॅलेंट कपमध्ये चालते, म्हणजे चेन्नईचा मुलगा आणि जपानचा मुलगा एकाच यंत्रावर मोजला जाऊ शकतो. होंडाच्या या स्पर्धेच्या याद्यांत पुण्याचा सार्थक चव्हाण दिसतो, मुंबईची आणि कोल्हापूरची मुलेही दिसतात. कोल्हापूरचे मला नवल वाटत नाही. त्या गावाला यंत्राचे वेड आहे, फाउंड्री आहे, हुपरीच्या वाटेवर कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि पोराच्या वेडापायी पैसे घालणारे बाप आहेत. मराठवाड्यातले गाव मात्र या नावांपुढे शोधत बसावे लागते.

इथे कायद्याचा मुद्दा येतो, आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. मोटार वाहन कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अठरा वर्षांखालील मुलाने 'सार्वजनिक ठिकाणी' गाडी चालवायची नाही; सोळा वर्षांनंतर फक्त पन्नास सीसीपर्यंतची. एके काळी पुण्याच्या कायनेटिकची लुना या सवलतीत बसत असे. आज पन्नास सीसीची पेट्रोलची गाडी दुकानात मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मुलगा सापडला तर बापाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड ठेवला. योग्यच आहे. पण कायद्यातले 'सार्वजनिक ठिकाणी' हे शब्द महत्त्वाचे: बंदिस्त मार्ग सार्वजनिक नाही, म्हणून तेरा वर्षांचा मुलगा तिथे संघटनेचा परवाना घेऊन धावू शकतो. याचा सरळ अर्थ असा की, ज्याच्या गावाजवळ बंदिस्त मार्ग आहे त्याचे शिक्षण तेराव्या वर्षी सुरू होते आणि परभणीच्या मुलाचे अठराव्या. ऑस्ट्रेलियातही वयाची अशीच अडचण होती, तेव्हा केसी स्टोनरच्या आईबापांनी होते नव्हते ते विकून २००० साली मुलाला इंग्लंडला नेले. तिथे चौदाव्या वर्षी डांबरावर उतरता येत होते. तो दोनदा जगज्जेता झाला. पण घरदार विकून मुलाला घेऊन परदेशी जाणे हा काही कार्यक्रम नव्हे, तो जुगार आहे. आमच्याकडे सोयाबीनचा भाव बघून पुढच्या वर्षाचे कर्ज ठरते. त्या घराने हा जुगार खेळावा असे कोण म्हणेल?

त्याच कायद्याचे १८९ वे कलम सार्वजनिक ठिकाणच्या शर्यतीला शिक्षा सांगते, पण 'राज्य सरकारच्या लेखी संमतीविना' असे म्हणून एक दार उघडे ठेवते. या दारातून नाशिकची दुचाकी रॅली निघाली, वर्षानुवर्षे चालली. मलेशियाने तर सगळा डाव याच जागी मांडला. १९९४ पासून तिथे 'कब प्रिक्स' भरते: भाजी आणायला, शाळेत जायला वापरतात तसल्या लहान गाड्यांची शर्यत, राज्याराज्यांतून फिरणारी. मार्ग गावापाशी येतो, गाव मार्गापाशी जात नाही. खैरुल इधम पावी याच मुशीतून निघाला आणि २०१६ मध्ये अर्जेंटिनात पावसात मोटो-थ्रीची शर्यत जिंकला. थायलंडचा सोमकियात चंत्रा २०१६ चा आशिया टॅलेंट कप जिंकून पुढे गेला, २०२२ मध्ये मोटो-टूची शर्यत जिंकला आणि २०२५ मध्ये मोटोजीपीच्या पूर्ण हंगामात उतरला. हे देश आपल्याहून फार श्रीमंत आहेत म्हणून असे झाले नाही. स्प्लेंडरच्या जातीची गाडी शर्यतीला चालते, हे त्यांनी मान्य केले. आपण मात्र शर्यत म्हटले की फॉर्म्युला वनपासून सुरुवात केली. मग ती खेळ आहे की करमणूक, सवलत द्यायची की कर लावायचा, यावर २०११ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत खेळ आणि करमणूक एकाच नोंदीत, शेजारी-शेजारी आहेत, ही मला त्या वादातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटली.

सरकारी क्रीडा योजनांत मोटारसायकलला जागा नाही. 'खेलो इंडिया' २०१८ मध्ये सुरू झाली. निवडलेल्या खेळाडूवर वर्षाला पाच लाखांपर्यंत, आठ वर्षे खर्च करण्याची तिची आखणी. पण ती कुस्ती, कबड्डी, धावणे, नेमबाजी अशा खेळांसाठी. मोटार शर्यतीतल्या खेळाडूला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला तोच २०१९ मध्ये, रॅली चालवणाऱ्या गौरव गिलला. मराठवाड्यातल्या घराला खेळ कळतो तो धावण्याच्या रूपात, आणि त्याला कारण आहे. परभणीची ज्योती गवते मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली येते; बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात भरती होतो, तिथे त्याचे पाय कुणाला तरी दिसतात आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला तो स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेतो. सैन्य हाच आमचा खरा राष्ट्रीय प्रतिभाशोध कार्यक्रम आहे. बूट, जेवण, पगार आणि पारखी नजर एका ठिकाणी देणारा. त्यात राज्याच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. पोलीस भरतीचा सराव करणारी मुले पहाटे जिल्हा क्रीडा संकुलात दिसतात, ती या गणितावर. मोटारसायकल या गणितात कुठेच बसत नाही.

आणि ती बसवावी का, हाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या मार्गावर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळूरचा तेरा वर्षांचा मुलगा पडून दगावला. त्याआधी २०२१ मध्ये युरोपात एकाच हंगामात चौदा, पंधरा आणि एकोणीस वर्षांचे तीन स्वार गेले. त्यानंतर जागतिक संघटनेने वयाच्या अटी वाढवल्या. मोटो-थ्रीसाठी किमान वय सोळावरून अठरा केले, २०२३ पासून. मुले घडवण्याच्या कार्यक्रमांनी शर्यतीचे वय खाली खेचले होते, कारण प्रत्येक देशाला दुसऱ्याच्या आधी मूल शोधायचे होते. ही किंमत मांडल्याशिवाय पेद्रोसाची गोष्ट सांगणे अर्धवट ठरेल.

दुसऱ्या बाजूला रस्ता आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली; त्यांतली ७४ हजार ८९७ दुचाकीवरची. मानवत ते परभणी हा राष्ट्रीय महामार्ग ६१ चा तुकडा रुंद झाल्यापासून तिथे संध्याकाळी कोण कुणाशी शर्यत लावते ते तिथल्या हॉटेलवाल्यांना विचारा. डोक्यावर हेल्मेट नाही, अंगात टी-शर्ट, मागे दोघे. बंदिस्त मार्गावर पडणाऱ्या मुलाजवळ कातड्याचा सूट असतो, रुग्णवाहिका मैदानात उभी असते, आणि समोरून ऊसाची ट्रॉली येत नसते. ज्या मुलाला वेग हवा आहे तो वेग घेणारच आहे; त्याला ब्रेक कधी दाबायचा आणि वळणात नजर कुठे ठेवायची हे तेराव्या वर्षी एखाद्या शिस्तीच्या माणसाने शिकवणे, यात जगज्जेता नाही निघाला तरी काही तोटा नाही.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेल्या त्या क्रीडानगरीत माती टाकून उड्यांचा मार्ग केला होता. वरच्या गटांत बहुतेक नावे परदेशी. पण ८५ सीसीचा एक कनिष्ठ गट होता. मातीचा मार्ग डांबराच्या मानाने फारच स्वस्त: एक जेसीबी, काही टिप्पर, गवताच्या गाठी, जागा. पुणे, नाशिक, कोल्हापूर इथे मातीवरच्या शर्यती अनेक वर्षे होत आल्या त्या याच कारणाने. काळी माती यासाठी वाईट, पावसात पायही उचलू देत नाही, मुरूम चालतो. जिंतूरकडच्या माळांवर मुरमाला तोटा नाही.

चाकणला बनलेल्या केटीएमच्या आरसी-३९० गाड्यांवर जर्मनीतली चौदा-पंधरा वर्षांची मुले २०१४ पासून तिथल्या मोटार क्लबच्या कनिष्ठ स्पर्धेत धावली. त्या गाड्यांचे नट ज्यांनी आवळले त्यांच्यात आमच्या भागातली पोरे असणारच. परभणीहून कुणाला इरुंगट्टुकोट्टईच्या चाचणीला जायचे तर आधी रेल्वेने सिकंदराबाद, तिथून चेन्नई, तिथून बसने श्रीपेरुंबुदूर. बरोबर हेल्मेट, हातमोजे, बूट आणि अठरा पूर्ण नसतील तर आईबापांच्या सहीचा कागद.